दांपत्याची तसबीर



जे दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले, आणि ज्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा करून पाहिला, त्यांच्या जिल्ह्यात भरलेल्या छायाचित्रकारांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद मला लाभावे, हा मी माझा मोठा बहुमान समजतो. आज मला बोलावयाचे आहे ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टुडिओत काढल्या गेलेल्या पतिपत्नींच्या तसबिरींविषयी, आणि त्यांतही चेहऱ्यांपेक्षा भोवतालच्या सामानाविषयी अधिक.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान तीत रस घेऊ लागले, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी त्याच दशकात तेथे स्वतःचा व्यवसाय मांडला. परंतु मध्यमस्थितीतले दांपत्य स्टुडिओची पायरी चढले ते तळहाताएवढ्या कार्डावरचे स्वस्त छाप निघू लागल्यावरच. ज्या घरात वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याशी बोलणे हा मर्यादाभंग समजला जाई, त्या घरातील स्त्रीने परक्या पुरुषाच्या यंत्रासमोर पतीशेजारी बसावे, ही लहान गोष्ट नव्हती.

नाशकातील एका जुन्या वाड्यातून आलेली अशी एक तसबीर माझ्या संग्रही आहे. पती मामलेदार कचेरीतील कारकून असावा: पगडी, अंगरखा, घड्याळाची साखळी मुद्दाम दिसेल अशी, पायांत जोडा. पत्नी नऊवारी लुगड्यात, नाकात नथ, पाय अनवाणी, खुर्चीला पाठ लावण्याची सवय नसल्यामुळे कडेवर ताठ बसलेली. मागे पडद्यावर संगमरवरी जिना आणि कठडा रंगविलेला. मध्ये तिपाई; तिच्यावर फुलदाणी, त्याचा उजवा हात, आणि वीतभर अंतरावर, एका पुस्तकावर ठेवलेला तिचा डावा हात. ओल्या काचेवर छायाचित्र घेण्याच्या त्या काळी कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे, म्हणून हाताला टेकू हवा आणि मानेमागे लोखंडी आधार हवा, हे आपण सारे जाणतो. परंतु जलद चित्र घेणाऱ्या काचा आल्यावरही तिपाई हलली नाही, याचे कारण यंत्रविद्येत सापडणार नाही. पत्नी पतीच्या उजव्या हाताला आहे, म्हणजे ही धर्मकृत्यातील बैठक आहे. चारचौघांत शेजारी बसण्याची दुसरी रीत त्या दोघांना ठाऊकच नव्हती, आणि पूजेत समोरच्या चौरंगामुळे जे सान्निध्य निर्दोष ठरे, ते येथे या तिपाईने निर्दोष ठरविले, असे माझे मत आहे.

राहिले पुस्तक. ते स्टुडिओचेही असेल आणि तिला अक्षरओळख नसेलही. पण याच नाशकात, निफाडास जन्मलेल्या न्यायमूर्ती रानड्यांनी लिहून दिलेले भाषण वाचून त्यांच्या पत्नी रमाबाई प्रथम जाहीर सभेत बोलल्या. त्या काळी आपली पत्नी वाचणारी दिसावी, ही इच्छा धरण्यासही धैर्य लागत असे. त्या इच्छेला मी दिखाऊपणा म्हणणार नाही. दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके पुढे पतीच्या चित्रपटांसाठी पांढरी चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहिल्या, फिल्मला भोके पाडीत बसल्या. पतिपत्नींनी एका कामाला हात लावण्याची ती पुढची पायरी होय.

आणि तसबिरींच्या या दस्तऐवजाचे आपण काय केले? पती निवर्तला की कुटुंबीय जोडतसबीर घेऊन येत, आणि आपल्याच धंद्यातील कारागीर तीतून त्याचे मस्तक तेवढे उचलून, मोठे करून, हार घालण्याजोगे चौकटीत बसवीत. पत्नी गेली, तिपाई गेली, पुस्तक गेले. ही छाटणी अजून चालू आहे, आणि तिचा मला मनस्वी खेद होतो.

तेव्हा माझी विनंती आहे की, असे कार्ड हाती आले तर प्रथम त्याची संपूर्ण नक्कल, कडांसकट, करून ठेवावी. मागील बाजूचा स्टुडिओचा छापील मजकूर उतरून घ्यावा. कोण कोणत्या हाताला बसले आहे ते नोंदवावे. आणि घरातील वृद्ध स्त्रीला विचारून त्या पत्नीचे नाव, सासरचे आणि माहेरचेही, पेन्सिलीने पाठीमागे लिहावे.