मायक्रोफोनसमोर पूर्ण नाव

(प्रसारमाध्यमांचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वीस मिनिटं दिली आहेत. आमच्या क्षेत्रात हा फार मोठा वेळ आहे. रेडिओवर एकटं माणूस तीन मिनिटांच्या पुढे गेलं की काचेपलीकडून निर्माता हात फिरवायला लागतो, म्हणजे आवरा. इथे काच नाही. कंटाळा आला तर तुम्हीच हात फिरवा, मी समजून घेईन.

मी बार्शीची, सोलापूर जिल्ह्यातली. अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. घरात आम्ही दखनी बोलतो, 'हौ' आणि 'नक्को'वाली. शाळा बारावीपर्यंत मराठी माध्यमाची. आता पुण्यात रेडिओ, टीव्ही आणि ध्वनिमुद्रण शिकते आहे, शेवटचं वर्ष आहे.

बार्शीत मी मराठी बोलते याचं कोणाला कधी काही वाटलं नाही. शेजारच्या काकूंना नाही, भाजीवाल्यालाही नाही. पुण्यात पहिल्याच आठवड्यात तिघांनी मला सांगितलं, "तुझं मराठी किती छान आहे गं!" तिघंही मनापासून बोलले होते, कोणाच्या मनात खोट नव्हती. पण माझ्या शेजारी बसणारी मुलगी नाशिकची, तिला हे कोणी म्हणालं नाही. तिचं मराठी छान असणारच होतं, माझं मात्र बातमी होतं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हे वाक्य ऐकलं असेल. हात वर करा बघू. हं, बरेच आहेत. मी सुरुवातीला 'थँक यू' म्हणायचे. हल्ली म्हणते, "तुमचंही छान आहे." काही जण हसतात, काही जण क्षणभर थांबतात. दोन्ही चालतं.

आमच्याकडे पहिल्या सहामाहीत उच्चारांचा तास असतो. मी त्या तासाला घाबरून जायचे. वाटायचं, आता आपलं घर उघडं पडणार. दखनीत 'ण' नाही, 'ळ' नाही. शाळेमुळे मला दोन्ही येतात, पण घाईत 'पाणी'चं 'पानी' व्हायचं. तासाला बसल्यावर दिसलं ते वेगळंच. अकोल्याचा एक मुलगा 'डोळा' म्हणायला गेला की 'डोया' व्हायचं. खेड्यापाड्यांतून आलेल्या निम्म्या वर्गाला 'न' आणि 'ण' छळत होते. पुण्याच्या दोन मुलींचं मराठी इतकं इंग्रजी झालं होतं की 'ळ' म्हणताना त्यांची जीभ अडखळायची. म्हणजे वर्गात 'शुद्ध' असं कोणीच नव्हतं. प्रत्येक जण आपापल्या गावाचं काहीतरी तोंडात घेऊन आला होता. एवढं कळल्यावर माझी अर्धी भीती गेली.

मग सरांनी 'ज' शिकवला. मराठीत 'ज' दोन आहेत. 'जीव'मधला वेगळा, 'जर'मधला वेगळा. 'च'चंही तसंच, 'चार' म्हणा आणि 'चमचा' म्हणा. अक्षर एकच, उच्चार दोन, म्हणून मराठी शिकणाऱ्या बाहेरच्या माणसाची इथे दांडी उडते. आमच्या घरात तिसरा 'ज' पण आहे, उर्दूचा, देवनागरीत खाली टिंब देऊन लिहितात तो 'ज़'. सरांनी मला तिन्ही म्हणून दाखवायला सांगितलं. 'जीव', 'जर', 'ज़मीन'. मी म्हणून दाखवलं. मग ते वर्गाला म्हणाले, हिला तिन्हींतला फरक कानाने कळतो, बाकीच्यांनी हिच्याकडून ऐका. त्या दिवसापासून हिंदी बातमीपत्राच्या सरावाला मुलं माझ्याकडे येऊ लागली. उर्दूच्या बाबतीत आम्ही दखनीवालेही काही कमी बदनाम नाही हं. आमच्यात 'क़'चा 'ख' होतो. 'वक़्त'चं 'वख्त' होतं, आणि 'क़ब्र' म्हणायला गेलं की 'ख़बर'च्या जवळ जातं. लखनौकडचे लोक हसतात. पण आमच्या भागातली मराठी म्हातारी माणसंही 'वखत'च म्हणतात, तेव्हा मी एकटी नाही.

आणखी एक गंमत करून बघा. कोणतंही मराठी बातमीपत्र ऐका आणि बोटांवर मोजा: तारीख, शहर, जमीन, अर्ज, जाहीर, वकील, बाजार, तहसील, हवा. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेत आणि आता इतके मराठी झालेत की ते काढले तर बातमीदाराला बोलता येणार नाही. त्यांना कोणी म्हणत नाही की तुमचं मराठी छान आहे.

अमीन सयानींचं नाव तुमच्या घरातल्या मोठ्यांनी घेतलं असेल. जन्म १९३२, मुंबई. 'बिनाका गीतमाला' १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर सुरू झाली आणि पुढे कित्येक वर्षं देश त्या आवाजासाठी थांबायचा. २०२४ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांनी स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलंय की तरुणपणी हिंदीसाठी आकाशवाणीची आवाज चाचणी दिली तेव्हा त्यांना नाकारलं, कारण उच्चारांत गुजराती आणि इंग्रजीची छटा होती. ज्याच्या हिंदुस्थानीवर पुढे सगळा उपखंड फिदा झाला, त्याला! मला त्यातलं पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या आई कुलसुम सयानी 'रहबर' नावाचं पत्र काढायच्या. भाषा साधी हिंदुस्थानी, आणि छपाई देवनागरी, उर्दू, गुजराती अशा तीन लिप्यांत. नवसाक्षरांसाठी. अमीनभाई त्या कामात हाताशी असायचे. सामान्य माणसाला समजेल असं बोलायचं हे त्यांनी तिथे शिकलं. आवाज दैवी होता वगैरे आपण म्हणतो, पण आधी त्यांच्या घरात एक कामाचा टेबल होता.

आता आत्मविश्वासाबद्दल, कारण आयोजकांनी तोच विषय दिलाय. खरं सांगायचं तर या शब्दाचा मला कंटाळा येतो. व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गात सांगतात, आरशासमोर उभे राहा आणि म्हणा, मी करू शकतो. आरशाने माझं काही झालं नाही. हेडफोनने झालं.

पहिल्यांदा स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित ऐकला तेव्हा मी हेडफोन काढूनच ठेवला. पातळ, नाकातला, कोणीतरी दुसरीच. सगळ्यांना असं होतं आणि त्याला कारण आहे. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो. एक हवेतून, दुसरी कवटीच्या हाडांतून. हाडांतून खालचे सूर चांगले येतात म्हणून आपल्याला आपला आवाज भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतला येतो, म्हणजे जगाला आपण कायम तसेच ऐकू येत असतो. हे कळल्यावर मी रोज रात्री वर्तमानपत्रातली एक बातमी मोबाईलवर वाचून ठेवायची आणि सकाळी बसमध्ये ऐकायची, असं सुरू केलं. कुठे श्वास संपतो, कुठे वाक्याच्या शेवटी आवाज पडतो, 'प' आणि 'भ' म्हणताना माइकवर फुंकर कशी बसते. माइक तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा तिरका धरला की ती फुंकर बाजूने निघून जाते, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा त्या रेकॉर्डिंगने पटवलं. साधारण चार महिन्यांनी एका सकाळी ऐकताना लक्षात आलं की मी आवाज ऐकतच नाहीये, बातमी ऐकते आहे. कुठल्या तरी गावात पाण्याच्या टँकरची फेरी चुकली होती आणि मला त्या गावाची काळजी वाटत होती.

तिसऱ्या सहामाहीत मी एका ठिकाणी उमेदवारी केली. नाव सांगत नाही. मी आणि एक कुलकर्णी आडनावाची मुलगी मिळून सकाळचा कार्यक्रम करायचो. तिथले एक ज्येष्ठ मला म्हणाले, "तू फक्त पहिलं नाव घे. 'शेख' नको, ऐकणाऱ्याचं लक्ष जातं." रागाने बोलले नाहीत. सल्ला म्हणून बोलले, वडीलधाऱ्यासारखे. मी विचारलं, "सर, मग हिनेही पहिलंच घ्यायचं का?" ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ठीक आहे, दोघीही पहिलंच घ्या. दोन आठवडे तसं चाललं. मग आम्ही दोघींनी मिळून जाऊन सांगितलं की बातमीकथा जिने केली तिचं पूर्ण नाव शेवटी यायला हवं, उद्या नोकरीसाठी हेच काम दाखवायचं आहे. कुलकर्णीच जास्त बोलली, हे मला इथे सांगायलाच हवं. त्यांनी मान्य केलं. ज्या दिवशी पहिल्यांदा माझं पूर्ण नाव हवेत गेलं, त्या आठवड्यात श्रोत्यांचे दोन फोन आले. एक गाण्याच्या फर्माईशीचा, दुसरा सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीबद्दल. आडनावाबद्दल कोणालाही काही म्हणायचं नव्हतं.

जी मुलं नाव छोटं करून काम करतात त्यांना मी नावं ठेवत नाही. खोलीचं भाडं प्रत्येकाला भरायचं असतं. पण बार्शीची असल्यामुळे मला एक आठवत राहतं. आमच्या बार्शीत १९१६ साली मेहबूब पटेल जन्मले, ज्यांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांच्या जोडीने त्यांनी मैदानंच्या मैदानं गाजवली. 'शेख' हे नाव मराठी माणसाच्या कानाला नवीन आहे असं कोणी म्हटलं की मला हसू येतं.

दुसरी अडचण गोड होती. रमजान आला की 'ईदचा पॅकेज' माझ्याकडे. मोहरम, माझ्याकडे. तिहेरी तलाकवर चर्चा, पाहुणे शोधायचं काम माझ्याकडे. जणू माझ्या मोबाईलमध्ये सगळ्या मुसलमानांचे नंबर आहेत. मी ईदचं मनापासून केलं. शीरखुर्म्याचे तेच ते शॉट टाळून शिलाईच्या दुकानातल्या शेवटच्या रात्रीवर केलं, कारण ती रात्र मला माहीत आहे. मग मॅडमना म्हटलं, आता मला महापालिकेचं अंदाजपत्रक द्या. आणि गणपती विसर्जनाला ध्वनिमुद्रणासाठी मी जाते, गर्दीत माइक कसा सांभाळायचा ते शिकायचंय. दोन्ही मिळालं. अंदाजपत्रक फार रटाळ असतं, पण पाण्याच्या पाइपलाइनचा पैसा कुठल्या वॉर्डात जातो हे ज्याला वाचता येतं, त्याला पत्रकार परिषदेत कोणी गप्प करू शकत नाही.

टीव्हीच्या सरावाला एक पाहुणे प्रशिक्षक माझ्या स्कार्फकडे बघून म्हणाले, "तू रेडिओत बरी." मी रेडिओतच बरी आहे, ते मलाही माहीत होतं. पण ते मी ठरवायचं होतं. त्या सहामाहीत मी मुद्दाम तिन्ही बुलेटिन कॅमेऱ्यासमोर वाचली, चांगले गुण मिळवले आणि मग स्वखुशीने रेडिओ निवडला. हेडफोन स्कार्फवरून लावला की आवाज दबतो, म्हणून मी आता कानात बसणारे वापरते. कोणाला उपयोग झाला तर म्हणून सांगते.

शेवटच्या वर्षाला बारा मिनिटांचा एक रूपक कार्यक्रम करायचा असतो. मी विषय घेतला सोलापूरची कडक भाकरी. सोलापूरला गेलात तर दुकानांत थप्प्या दिसतात. ज्या मावशींकडे मी गेले त्या पहाटे चारला उठून चूल पेटवतात. मी तीन पहाटा त्यांच्याकडे बसले. भाकरी थापताना प्रत्येकीचा ठेका वेगळा असतो. डोळे मिटून ऐकलं तर कोण थापतंय ते सांगता येतं. ज्वारीचं पीठ, पाण्याचा हबका, तवा, मग वाळवून कडक झालेली भाकरी मोडताना होणारा तो आवाज. मी प्रत्येक जागी अर्धा मिनिट नुसती शांतता मुद्रित केली. संकलनात वाक्यं जोडताना मागे हीच शांतता घालावी लागते, नाहीतर कानाला खड्डा जाणवतो. मावशींनी मला दुसऱ्या दिवशी विचारलं, "तू शेख का? मग आमची भाकरी खाशील ना?" मी म्हटलं, मावशी, ज्वारीला कुठे आडनाव असतं, द्या. त्या संभाषणाचं रेकॉर्डिंग चालूच होतं. ते मी कार्यक्रमात ठेवलं, कारण त्यानंतर त्या जे खळखळून हसल्या तसं हसणं मुलाखतीत मागून मिळत नाही.

अब्बांनी तो दुकानात ऐकला. शिलाई मशीन बंद ठेवून ऐकला, हे मला अम्मीने सांगितलं. त्यांनी मला फोनवर एवढंच विचारलं, "मशीन का आवाज भी ऐसा लेते क्या?" पुढच्या सुट्टीत ते घ्यायचं ठरलंय.

ज्यांना या वाटेने यायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. आकाशवाणीची केंद्रं हंगामी निवेदकांसाठी लेखी परीक्षा आणि आवाज चाचणी घेतात. जाहिरात त्या त्या केंद्राकडून येते, तिच्यावर लक्ष ठेवा. 'युववाणी' तरुणांसाठीच आहे, सुरुवात तिथून करता येते. सामुदायिक रेडिओ केंद्रांची ताकद साधारणपणे १०० वॅटपर्यंत असते, आवाज जवळपासच्या गावांपुरताच जातो, पण तिथे पहिल्या महिन्यातच माइक हातात मिळतो. म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' किंवा पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' बघा. खासगी एफएमवर स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, तेव्हा बातमीची आवड असलेल्यांनी तिथे आशा लावून बसू नये. आणि महागडा माइक आधी घेऊ नका. मोबाईल, अंगावर चादर आणि दार बंद. माझी पहिली सहामाही चादरीखालीच गेली.

मी रेकॉर्डर आणलाय. जेवणानंतर मागच्या खोलीत बसते, तिथला पंखा बंद ठेवायला सांगितलाय. ज्याला आपला आवाज ऐकायचाय त्याने एक पान काहीतरी वाचायला घेऊन यावं. सुरुवातीला पूर्ण नाव सांगायचं, मग वाचायचं.