स्मरणचित्र

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण, छापण्यासाठी थोडं आवरून.)



जेवणानंतरचं पहिलं भाषण मला दिलंय, यावरून संयोजकांचा माझ्यावर किती विश्वास आहे ते कळतं. मधल्या सुट्टीनंतर भूगोलाचा तास असायचा आणि त्या तासाला कोण कोण पेंगायचं हे मला अजून पाठ आहे. नावं घेत नाही, काही जणांची मुलं सोबत आली आहेत.

'साध्या फोटोचं चित्र कसं करतेस ते सांग,' असं मला सांगण्यात आलं. आमचे चित्रकलेचे सर पहिल्याच रांगेत बसलेत, म्हणून आधी कबुली देऊन टाकते. आठवीत मी एलिमेंटरीला बसले आणि मला सी श्रेणी मिळाली. वस्तुचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन कसंबसं निभावलं. बुडाले ते स्मरणचित्रात. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका काढायच्या होत्या. वाईत राहायचं, रोज शाळेला येता-जाता कृष्णेचा घाट बघायचा, आणि काढलेल्या बायकांमधली बाई कुठली आणि दगड कुठला ते कळू नये! तेव्हापासून ठरवलं, चित्र हा आपला प्रांत नाही. गणित बरं होतं. इंजिनिअर झाले, २००२ पासून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे.

पुढचा प्रसंग २०२० चा. सगळे घरात अडकलेलो. जुन्या हार्डडिस्कमध्ये काही हजार फोटो सापडले आणि त्यात मेणवलीचा एक होता. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट, वसईच्या विजयानंतर आणलेली ती मोठी पोर्तुगीज घंटा, पायऱ्या, नदी. फोटोत सगळं होतं, पण तिथे उभं राहिल्यावर जे वाटतं ते काही केल्या नव्हतं. मग मी त्याच्या मागे लागले.

सुरुवात तुमच्यासारखीच केली. मोबाईलवर स्नॅपसीड, एक बोट इकडे, एक बोट तिकडे. नंतर संगणकावर गिम्प घेतलं. ते फुकट मिळतं, आणि गंमत म्हणजे आपण दहावी झालो त्याच १९९६ साली ते लोकांच्या हाती येऊ लागलं होतं. एका बटणावर तैलचित्र, दुसऱ्यावर जलरंग. रोज एक चित्र ग्रुपवर टाकायचे, तुम्ही अंगठे दाखवायचात. सहा महिन्यांनी ती सगळी चित्रं एकत्र पाहिली. सगळी एकाच माणसाने काढल्यासारखी दिसत होती, आणि तो माणूस मी नव्हते.

मला वाईट याचं वाटलं की आतलं गणित मला येत होतं. डिजिटल फोटो म्हणजे बारीक चौकटींचा तक्ता. प्रत्येक चौकटीत लाल, हिरव्या आणि निळ्याचा एकेक आकडा, ० ते २५५. म्हणजे प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, आणि तिन्ही मिळून १,६७,७७,२१६ रंग. हे आकडे कसे फिरवायचे ते मला माहीत होतं. कशासाठी फिरवायचे ते माहीत नव्हतं.

तेव्हा सर आठवले. वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर तांब्या, पेला आणि दोन वांगी मांडून सर म्हणायचे, "डोळे किलकिले करा. बारकावे जाऊ देत. आधी उजेड कुठे आणि सावली कुठे, तेवढंच बघा." तेव्हा आम्ही डोळे किलकिले करून एकमेकींकडे बघून हसायचो. त्या रात्री मी मेणवलीचा फोटो काळा-पांढरा केला आणि मुद्दाम खूप धूसर केला. म्हणजे संगणकालाच डोळे किलकिले करायला लावले. सगळे बारकावे गेल्यावर काय दिसलं? मी ज्या घंटेसाठी फोटो काढला होता ती करड्यात करडी होऊन गेली होती. खरा उजेड होता खालच्या पायरीवर वाळत घातलेल्या एका पांढऱ्या लुगड्यावर. मग मी वरचा निम्मा फोटो कापला, बाजूच्या पायऱ्या काळवंडवल्या, पाण्याचा हिरवा रंग उतरवला आणि लुगडं राहू दिलं. माझं पहिलं चित्र ते. कुठलंही तैलरंगाचं बटण न दाबता झालेलं.

आता ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगते. बाकीचं करता करता येतं.

पहिली, लेअर. मूळ फोटोवर कधीच काम करायचं नाही. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवावा तसा थर ठेवायचा आणि जे करायचं ते थरावर. बिघडलं की तेवढा थर काढून टाकायचा. आपल्या वेळी खोडरबराने कागद फाटायचा, ती भीती इथे नाही.

दुसरी, मास्क. वरचा थर कुठे दिसावा आणि कुठे दिसू नये हे ठरवणारा एक काळा-पांढरा पडदा. पांढरं केलं तिथे वरचा थर दिसतो, काळं केलं तिथे लपतो, करडं केलं तिथे अर्धवट. ब्रशने रंगवत जायचं. चित्र घडतं ते बहुतेक इथेच, आणि वेळही इथेच जातो.

तिसरी माझी लाडकी, मल्टिप्लाय. नावाप्रमाणे गुणाकार. पांढऱ्याला १ धरायचं, काळ्याला ०. दोन थरांचे आकडे एकमेकांनी गुणायचे. अर्धा गुणिले अर्धा पाव, म्हणजे रंग गडद होतो. शून्याने गुणलं की काळं. आणि एकने गुणलं तर? गणिताच्या बाई बघतायत, उत्तर द्या. तीच संख्या! म्हणजे वरच्या थरातला पांढरा भाग नाहीसा होतो आणि खालचं जसंच्या तसं दिसतं. पांढऱ्या कागदावरचं अक्षर स्कॅन करून फोटोवर असं ठेवलं की कागद जातो आणि शाई राहते. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

जुन्या भिंतीचा पोपडा, पाटीवर पुसलेला खडू, चहाचा डाग पडलेला कागद, असल्या गोष्टींचे फोटो मी आता जमवत असते. फोटोवर त्यांचा हलका थर दिला की गुळगुळीत चित्राला अंग येतं. घरचे म्हणतात, ही सहलीला जाते आणि भिंतींचे फोटो काढून येते.

हे सगळं म्हणजे फसवणूक नाही का, असं मला पुष्कळ जण विचारतात. तर ही खटपट संगणकाच्याही आधीची आहे. १८५७ साली रेयलँडर नावाच्या छायाचित्रकाराने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक मोठं चित्र केलं. पुढच्याच वर्षी हेन्री पीच रॉबिन्सनने पाच निगेटिव्हमधून एक दृश्य रचलं. मरणपंथाला लागलेली मुलगी आणि भोवती घरची माणसं. मरणाच्या दारातल्या मुलीचं असं दृश्य फोटोत मांडणं तेव्हाच्या पुष्कळांना रुचलं नाही. चित्रकाराने रंगवलं असतं तर चाललं असतं. फोटो म्हटलं की लोक तो खरा धरतात. आपल्याकडेही स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरायचे, निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे डाग घालवायचे. फोटोशॉप १९९० साली बाजारात आलं, त्यात उजळ करायचं आणि गडद करायचं अशी दोन हत्यारं आहेत. त्यांची चिन्हं बघा, एकाचं काडीवरची टिकली, दुसऱ्याचं मूठ. अंधाऱ्या खोलीत फोटो छापताना कागदाच्या काही भागावर प्रकाश कमी पडावा म्हणून काडीला लावलेली चकती धरायचे, आणि हवा तिथेच जास्त पडावा म्हणून हाताच्या मुठीतून सोडायचे. तेच ते. तेव्हा फिरवाफिरव जुनीच आहे. प्रश्न वेगळा आहे, आणि तो मला याच मेळाव्याच्या तयारीत पडला.

आपल्या ग्रुपवर कुणीतरी दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो टाकला. त्यात आपली एक मैत्रीण नाही. गेल्या वर्षी ती गेली. तुम्हाला सगळ्यांना नाव माहीत आहे. छापील भाषणात ते नको, असं तिच्या आईने सांगितलंय. लगेच निरोप सुरू झाले, "तुला येतं ना ते, तिला बसव की फोटोत, दुसऱ्या रांगेत जागा आहे." किती प्रेमाने म्हणालात. मी अंगठा दाखवला.

जी गोष्ट तुम्हाला माहीत नाही ती आज सांगते. फोटो शनिवारी होता, तो आदल्या दिवशी, शुक्रवारी घ्यायचं ठरलं. ती त्या दिवसांत शाळेत येत नव्हती. तिला निरोप द्यायचं काम बाईंनी माझ्याकडे दिलं होतं, कारण तिच्या गावाच्या एसटीत माझी मावसबहीण असायची. मी चिठ्ठी लिहायची विसरले. नंतर तिने विचारलं तेव्हा मी सांगितलं, चिठ्ठी दिली होती, वाटेत हरवली असेल. तिचा विश्वास बसला. नाही बसला तरी तिने दाखवलं नाही. दुसऱ्या रांगेतली ती जागा मी केलेली आहे.

तीन संध्याकाळी बसून मी तिला फोटोत बसवलं. नववीच्या प्रतापगड सहलीतला तिचा फोटो होता. उजेडाची दिशा जुळवली, खांद्यावरची सावली जुळवली, जुन्या फोटोची खरखर तिच्यावरही चढवली. उत्तम झालं. एक सांधा दिसत नव्हता. आता नवी साधनं हेच काम काही सेकंदांत करतात. आणि ते बघून मला बरं वाटलं, अगदी सुटल्यासारखं. त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटली.

म्हणून ग्रुपवर टाकण्याआधी मी तिच्या आईकडे गेले. काकूंनी फोटो हातात घेतला, पुष्कळ वेळ बघितला. मी चिठ्ठीचं सगळं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, त्या दिवशी ती घरीच होती की. उन्हाळी भुईमूग करायचा होता, बियाच्या शेंगा फोडत बसलो होतो दोघी. दिवसभर बडबडत होती नुसती." मग फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे बसवलीस तर मग माझ्यापाशी कोण होतं?"

मी उत्तर दिलं नाही. घरी येऊन ती फाईल पुसली.

तेव्हा मेळाव्याच्या दारात लावलेला निरोपाचा फोटो जसा होता तसाच आहे. ओरखडे आणि पिवळेपणा काढलाय, माणसं तेवढीच आहेत. त्याच्या शेजारी दुसरं चित्र लावलंय, ते सकाळी बऱ्याच जणांनी पाहिलं आणि काय आहे ते विचारलं. त्यात ती आहे, प्रतापगडावरची, केस वाऱ्यावर उडालेली. मागची बुरुजाची भिंत मी जवळजवळ पुसून टाकली आणि काकूंच्या ओसरीच्या जमिनीचा थर दिला, शेंगांच्या टरफलांसकट. टरफलं मीच काकूंकडून आणून पसरून फोटो काढला. आणि वर जी अक्षरं दिसतात ती तिची आहेत. तिची भूगोलाची वही २८ वर्षं माझ्याकडे राहिली होती. त्यातलं कृष्णा नदीचं पान मी स्कॅन केलं आणि मल्टिप्लायने ठेवलं. कागद गेला, तिची शाई राहिली. खाली स्पष्ट लिहिलंय, 'हे चित्र आहे, फोटो नाही.' काकूंनी ते पाहून परवानगी दिली आणि एक प्रत स्वतःसाठी ठेवून घेतली. वही त्यांना परत केली.

माझा नियम आता साधा आहे. जो फोटो साक्षीला उभा राहणार, त्यातली धूळ पुसायची, माणूस हलवायचा नाही. मग तो बातमीतला असो, शाळेचा असो की लग्नाचा. आणि जिथे हलवायचं तिथे मोकळ्या मनाने हलवायचं आणि हे आपण केलंय असं सांगायचं. सांगितलं की हात उलट जास्त मोकळा होतो, हा माझा अनुभव आहे.

ज्यांना शिकायचंय त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे या. येताना मोबाईलमधला एक असा फोटो काढून ठेवा, जो तुम्हाला आवडतो पण का आवडतो ते कळत नाही. आधी डोळे किलकिले करून बघू, मग बाकीचं.

आणि सर, ते दुसरं चित्र तुम्ही निघण्यापूर्वी एकदा बघा. स्मरणचित्राचा पेपर परत दिलाय, असं समजा. श्रेणी नाही दिलीत तरी चालेल, पण चुका मात्र सांगा.