ठिगळ, चिंधी आणि पासबुकाची पिशवी

(महिला व विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



बँकेतल्या माणसाने चिंध्यांवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय मला काउंटरवरच सापडला. बारामतीहून इंदापूरला मी रोज एस.टी.ने जा-ये करीत असे. तेथे माझ्या खिडकीवर ऊसतोडीला, खुरपणीला जाणाऱ्या बायका येत. कोणाचे पासबुक कमरेला खोचून घामाने भिजलेले, कोणाचे दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले. पाने चिकटलेली, खाते क्रमांक पुसलेला. असे पासबुक यंत्रात अडकते. मग अर्ज लिहा, फोटो आणा, पुन्हा या. दुसरे पासबुक मिळते, पण बाईचा बुडालेला रोज कोण भरून देणार?

तेव्हा मला माझ्या आईची पिशवी आठवली. शिंप्याच्या दुकानातले तुकडे आणून तिने ती हाताने शिवली होती. तीन कप्पे, वर झाकण, बांधायला नाडी. आत अस्तर म्हणून फाटक्या छत्रीचे काळे कापड. रेशनकार्ड, लाईटबिलाच्या पावत्या, माझा शाळेचा दाखला सगळे त्यात. आमचे घर चार पावसाळे गळले, पण त्या पिशवीतला कागद कधी भिजला नाही.

पाचवीत असताना तिने मला चौकोनी तुकड्यांचे दप्तरही शिवून दिले होते. वर्गातली मुले हसली. दुसऱ्या दिवसापासून मी ते दप्तर वाटेवरच्या बाभळीला अडकवून पुस्तके हातात घेऊन जाऊ लागलो. संध्याकाळी परत गळ्यात. आईला हे ठाऊक होते, ही गोष्ट मला ती गेल्यावर मावशीने सांगितली.

मागे मी हा विषय काढला तेव्हा आपल्यातील एक ज्येष्ठ रागावले. म्हणाले, "उतरलेली लुगडी नेसायची सक्ती आमच्या आयांनी सोसली. आता पोरींना पुन्हा चिंध्या वेचायला लावता काय?" आक्षेप खरा आहे, तो मी हसण्यावारी नेणार नाही. मनुस्मृतीने चांडाळाला प्रेतावरची वस्त्रेच नेमून दिली होती. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जळली आणि त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना राहणीमान बदलायला सांगितले. वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ असले पाहिजे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. ज्येष्ठांना मी एवढेच म्हणालो की, दुसऱ्याने अंगावर टाकलेली चिंधी वेगळी आणि आपण निवडून, धुऊन, मापाने कापलेली वेगळी. त्यांना ते पूर्ण पटले असे मी म्हणणार नाही.

भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच होते. मगधातील भातखाचरे व त्यांचे बांध दाखवून तथागतांनी आनंदाला तसे चीवर करता येईल का, असे विचारल्याची कथा महावग्गात आहे. नीरा डाव्या कालव्याच्या काठावरून आपल्याकडचे वाफे पाहिले की ती मला हटकून आठवते. चुल्लवग्गात आणखी मजेशीर प्रसंग आहे. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दिली. राजाला वाटले, हा भिक्खू कापडाचे दुकान काढतो की काय! त्याने एकेक करून विचारले. नवी वस्त्रे जुने चीवर असलेल्या भिक्खूंना. जुन्या चीवरांची आच्छादने. त्यानंतर गाद्यांचे अभ्रे, जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी, फडकी. शेवटी फडक्यांचे बारीक तुकडे चिखलात मिसळून जमीन लिंपायची. राजा खूश झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. माझ्यासारख्या हिशेबनीसाला हा जमाखर्च फार आवडतो.

आता कामाचे. आपल्याकडे तुकड्यांना तोटा नाही. गल्लोगल्ली शिंपी आहेत. बारामतीच्या एमआयडीसीत टेक्स्टाईल पार्क उभा राहिल्यापासून गावोगावच्या मुली शिवणकामाला जातात. कपडे बेतताना कापडाचा काही भाग कडेला पडतोच. तुकडा घरी आणला की त्यातला एक धागा काढून जाळून पाहा. सुती असेल तर जळक्या कागदाचा वास येऊन राख होते; टेरिकॉट वितळून त्याची कडक गोळी होते. चुलीवरचे भांडे उतरायची फडकी टेरिकॉटची कधीही करू नका, वितळून हाताला चिकटते. नवे सुती तुकडे आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतात आणि शिवण चुणते.

पासबुकाच्या पिशवीला टेप लागत नाही. पासबुकच कापडावर ठेवा, चारी बाजूंनी बोटभर माया सोडा आणि कापा. अस्तर छत्रीचे. उलट बाजूने टीप मारून पिशवी सुलटी करायची, वर नेफा करून नाडी ओवायची. मशीन नसेल तर धावदोऱ्यावर भागवू नका, उलटी टीप घाला. एक टाका तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. याच मापात थोडा फरक केला की चष्म्याचे घर होते, मोबाईलची पिशवी होते. उरलेल्या अगदी बारीक चिंध्यांची चुंबळ, नाहीतर उशीत भरण.

मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा आमच्या घरात उत्साह संचारला. मी आणि माझ्या पत्नीने बाजारच्या पिशव्या शिवून शेजारी वाटल्या. पहिल्याच आठवड्यात तीन बंद निखळले. भर बाजारात एका काकूंचे बटाटे उतारावरून धावले आणि काकू आमच्या नावाने! चूक आमचीच. बंद आम्ही नुसते काठावर एका टिपेने जोडले होते. बंदाचे टोक दोन बोटे खाली घ्यावे, त्यावर चौकोन शिवावा आणि चौकोनात फुली मारावी. तेव्हापासून एकही तक्रार नाही. त्या काकू मात्र अजून पिशवी ओढून पाहिल्याशिवाय घेत नाहीत.

बचत गटातल्या भगिनींना एक कडवट गोष्ट सांगतो. चिंधी फुकट मिळते म्हणून वस्तू फुकटात पडत नाही. दोरा, सुई, नाडी, जाण्यायेण्याचे भाडे आणि तुमचा तास वहीत लिहा. तासाला दोन पिशव्या होत असतील आणि एक वीस रुपयांना जात असेल, तर दोरा-भाडे वजा जाता खुरपणीच्या रोजाएवढे तरी सुटते का, ते आधी पाहा. नसेल सुटत तर घरापुरते शिवा. त्यासाठी कर्ज काढून मशीन घेऊ नका. हे बँकेचा माणूस सांगतो आहे, म्हणून तरी ऐका.

मागच्या टेबलावर धुतलेले तुकडे, सुया आणि दोन मोडक्या छत्र्या ठेवल्या आहेत. कार्यक्रमानंतर ज्यांनी पासबुक आणले असेल त्यांनी तेथे बसावे. विद्यार्थ्यांनी आधी आज्यांना सुईत दोरा ओवून द्यावा, त्यांना दिसत नाही. मुलगेसुद्धा. जयभीम.