सिंहपुच्छ माकड आणि कावेरीचे पाणी

(तंजावूर राजवाडा परिसरात अभ्याससहलीच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या देवमाशाचा सांगाडा तुम्ही या राजवाड्यात नुकताच पाहिलात. पलीकडे सरस्वती महाल ग्रंथालय आहे. ते समृद्ध करणारे दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) पशुपक्ष्यांविषयी विलक्षण जिज्ञासू होते. त्यांनी चित्रकारांकडून त्यांची चित्रे मुद्दाम काढवून घेतली. त्या जिज्ञासेला साजेसा एक प्राणी येथून पश्चिमेकडच्या डोंगरांत राहतो. तो म्हणजे सिंहपुच्छ माकड.

काळ्या तोंडाचे ते वानर आणि तांबूस तोंडाचे ते माकड, अशी आपली ढोबळ विभागणी. हा प्राणी ती मोडून काढतो. तोंड काळे, अंग काळे, चेहऱ्याभोवती रुपेरी आयाळ, शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा. परंतु कूळ माकडाचे. तमिळ लोक त्यास ‘सिंगवाल कुरंगु’ म्हणतात, त्याचाही अर्थ तोच.

देवळाच्या आवारात प्रसादावर झडप घालणारे टोपी माकड कोठेही निभावून नेते. अर्थात त्याचीही संख्या घटत असून आता त्याची गणना असुरक्षित प्राण्यांत होते. सिंहपुच्छाला मात्र पश्चिम घाटातील सदाहरित अरण्यच लागते. कर्नाटकातील शिरसी-होन्नावरपासून दक्षिणेकडे केरळ व तामिळनाडूत तुटक तुटक पट्ट्यांतून ते आढळते, महाराष्ट्रात नाही. त्याचा बहुतेक दिवस झाडांच्या शेंड्यांवर जातो. कलेनिया नावाच्या उंच वृक्षाची फुले व काटेरी फळांतील बिया हे त्याचे आवडते खाद्य. शेंड्यांची सलग छाया तुटली की त्याचा रस्ताच तुटतो.

निसर्गातील त्यांची एकूण संख्या चार हजारांच्या आत मानली जाते. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ते संकटग्रस्त आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यास स्थान आहे. मादीला पहिले पिल्लू होण्यास सहा-सात वर्षे लागतात, पुढच्या पिलासाठी आणखी सुमारे तीन. एखादा कळप नष्ट झाला तर ती उणीव भरून येण्यास पिढ्या जातात.

अण्णामलै डोंगरातील वालपारै येथे ही गोष्ट डोळ्यांनी दिसते. चहा-कॉफीच्या मळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जंगल तोडले गेले आणि अरण्याचे लहान लहान तुकडे मळ्यांमध्ये बेटांसारखे उरले. पुदुत्तोट्टम येथील माकडे अशाच एका बेटावर अडकली आहेत. शेंड्यांवरून जाता येईना, म्हणून ती जमिनीवर उतरली, रस्ते ओलांडू लागली, घरांत व उकिरड्यांवर दिसू लागली. वाहनांखाली काही मेली. मग रस्त्यावरून झाड ते झाड टांगते पूल बांधण्यात आले, आणि माकडे ते वापरतातही. पर्यटक त्यांना खाऊ देतात तेव्हा त्यास भूतदया म्हणावे, की रस्त्यावर ओढण्याची युक्ती? उत्तर तुम्हीच द्या.

केरळातील सायलेंट व्हॅलीत कुंती नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण होणार होते. विरोधकांनी हेच माकड आपले प्रतीक केले. वर्षानुवर्षांच्या वादानंतर प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. तंजावूरशी त्याचा काय संबंध, असे कोणी विचारील. भवानी नदी निलगिरीत उगम पावते, सायलेंट व्हॅलीच्या परिसरातून वळसा घेऊन पुन्हा तामिळनाडूत येते आणि मेट्टूरच्या खाली कावेरीस मिळते. तिच्या डोंगरांवरील अरण्य पावसाचे पाणी धरून ठेवते आणि सावकाश सोडते. कल्लणैच्या बांधाजवळ कावेरीचे पाणी कालव्यांत विभागले जाते आणि या राजवाड्याभोवतीची भातशेती भिजते. आज दुपारी तुमच्या पानात जो भात वाढला जाईल, तो बहुधा याच पाण्यावरचा.