तिसऱ्या वर्षाची फी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या उपनगरात जून महिना पावसाच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात येतो. मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, प्रत्येकाच्या तीन-तीन प्रती. अर्ज आता संगणकावर भरतात, तरी झेरॉक्सची रांग काही कमी झालेली नाही. आणि त्या रांगेतल्या आयांच्या तोंडी एकच विषय असतो. दोन ठिकाणी नाव लागलंय, आता हे कॉलेज घ्यायचं की ते?

मी कवी माणूस, करिअर मार्गदर्शक नव्हे. शिक्षण विचाराल तर साधा बी.ए. पण मोहल्ल्यात एखादा कवी असला की लोक त्याच्याकडून लग्नपत्रिकेचा मजकूर लिहून घेतात आणि मुलांच्या ॲडमिशनचा सल्लाही मागतात. पत्रिकेचं काम सोपं. सल्ल्याचं तसं नाही. गेल्या वर्षी तर प्रश्न घरातलाच होता, माझ्या भाचीचा. पण तिच्याकडे येण्याआधी थोडं मागे जायला हवं.

एक काळ असा होता, की उपनगरातल्या मुलांना हा प्रश्न पडतच नसे. कॉलेज म्हणजे चर्चगेटची नाही तर व्हीटीची गाडी. अपवाद आमच्या जोगेश्वरीचा. इथल्या टेकडीवर १९३० साली इस्माईल युसुफ कॉलेज सुरू झालं. सर महंमद युसुफ यांची देणगी, वडिलांचं नाव, आणि चालवणार सरकार. मुस्लिम मुलांनी शिकावं हा मूळ हेतू, पण दार सर्वांना उघडं. जोगेश्वरी-पार्ल्यात वाढलेले पु. ल. देशपांडे काही काळ याच टेकडीवर शिकले आणि मग पुण्याच्या फर्ग्युसनमधून बी.ए. झाले. चिपळूणजवळच्या मिरजोळीहून मुंबईला आलेले हमीद दलवाई इथंही होते आणि रुपारेललाही. पुढे अंधेरीत १९४६ साली भवन्स, पार्ल्यात १९५९ साली पार्ले कॉलेज, ज्याला आज आपण साठ्ये म्हणतो, मग १९६१ साली मिठीबाई. मुलुंडला वझे-केळकर यायला १९८४ साल उजाडलं. म्हणजे ‘कुठलं घेऊ?’ ही चैन, किंवा ही डोकेदुखी, उपनगरात तशी उशिरा आली.

मी बारावी झालो १९८८ साली. अब्बांचं जोगेश्वरीत शिवणकामाचं दुकान. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. दोन मशिनी, एक इस्त्रीचं टेबल. मराठीचे सर म्हणत होते, तू कविता करतोस, माटुंग्याला रुईयात जा. दुसरीकडे टेकडीवरचं कॉलेज होतं, घरापासून पायी पंधरा मिनिटांवर. आजच्या मुलांना आश्चर्य वाटेल, पण या दोन कॉलेजांच्या फीमध्ये आमच्या घरानं वाद घालावा इतका फरक नव्हता. एक सरकारी, दुसरं अनुदानित. दोन्हीकडे प्राध्यापकांचा पगार सरकार देई आणि फी बेतात राही. आमचा वाद होता तो वेळेचा. माटुंग्याला जाऊन-येऊन दोन तास, आणि तेच दोन तास अब्बांना दुकानात हवे होते. काज-बटण, तुरपाई, रमजानच्या महिन्यात तर मध्यरात्रीपर्यंत. अब्बा मला कधी ‘नको जाऊ’ म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘तू जाशील तेव्हा पोऱ्या ठेवावा लागेल, त्याचा पगार काढून सांग.’’ मी कागदावर काढला आणि टेकडी चढलो.

इतिहास घेऊन बी.ए. झालो. रुईयात गेलो असतो तर जास्त चांगल्या कविता लिहिल्या असत्या का, हे विचारणारे मित्र आहेत. त्यांना मी सांगतो, तुम्ही माझ्या आहेत त्या कविता तरी आधी वाचा!

आता बहिणीचं. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि अभ्यासात माझ्यापेक्षा हुशार. १९९२ साली बारावी झाली आणि तिनं ठरवून लांबचं कॉलेज घेतलं, वांद्र्याच्या पलीकडचं. तिला गाडी आवडायची. लेडीज डब्यातल्या मैत्रिणी, खिडकी, स्टेशनवरची पुस्तकं. पहिल्या वर्षाची पहिली सत्र परीक्षा झाली, डिसेंबर आला. पुढचं मुंबईकरांना सांगायला नको. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये जोगेश्वरीनं दोन्हीकडची माणसं गमावली. महिनाभरानं गाड्या नेहमीसारख्या धावू लागल्या, कॉलेजं उघडली, पण आमच्या घरातल्या मुलीला स्टेशनापर्यंत पाठवायचं धैर्य अम्मीला होईना. ‘या आठवड्यात नको’ असं म्हणत म्हणत मार्च आला. परीक्षेला ती बसलीच नाही. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

त्या वर्षांत आमच्या भागातल्या अनेक घरांत कॉलेजचं अंतर किलोमीटरमध्ये मोजलं जात नव्हतं. मध्ये कुठली वस्ती लागते, किती वाजता अंधार पडतो, गाडी बंद पडली तर चालत कोण आणेल, असं मोजलं जाई. मुलींसाठी ‘जवळचं कॉलेज’ हा शब्द तेव्हापासून आमच्याकडे वेगळाच रुजला. माझ्या बहिणीच्या मनात तर फारच.

तिच्या मुलीचा बारावीचा निकाल ५ मे २०२५ रोजी लागला. कला शाखा, मराठी माध्यम, चौऱ्याहत्तर टक्के. दोन ठिकाणी नाव लागलं. नावं सांगत नाही, मुद्दा नावांचा नाही. एक अंधेरीचं, घरापासून बसनं वीस मिनिटं, साधं अनुदानित बी.ए., मानसशास्त्र घ्यायची सोय. दुसरं घाटकोपरच्या बाजूचं, मास मीडियाचा विनाअनुदानित अभ्यासक्रम, काचेची इमारत, स्टुडिओ. पूर्वी अंधेरीहून घाटकोपरला जायचं म्हणजे साकीनाक्याच्या वाहतुकीत जन्म काढणं. जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो आली आणि तेच अंतर वीस मिनिटांत आलं. त्यामुळे ‘लांब आहे’ ही सबब संपली होती.

दोन कॉलेजांत आज फीचा जो फरक दिसतो, तो अनेकदा कॉलेजांतला नसतो, अभ्यासक्रमांतला असतो, हे पालकांनी नीट समजून घ्यावं. एकाच गेटमधून आत जाणाऱ्या दोन मुलांपैकी एकाची फी काही हजार असते आणि दुसऱ्याची त्याच्या पाच-सहा पट. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून विनाअनुदानित अभ्यासक्रम वाढत गेले. त्यांचा सगळा खर्च, शिकवणाऱ्यांच्या मानधनासकट, मुलांच्या फीतून निघतो. यात फसवणूक काही नाही. फक्त ‘कॉलेज तेच आहे ना, मग फी एवढी कशी?’ असं खिडकीवर विचारून उपयोग नसतो.

आमच्याकडे हिशेब असा होता. एकीकडे वर्षाला आठ हजार, दुसरीकडे बेचाळीस. माझे मेहुणे रिक्षा चालवतात, रिक्षाचा हप्ता अजून दोन वर्षं बाकी. धाकटा मुलगा नववीत. घरात मेहुण्यांची आई, तिला हाताला धरून उठवावं लागतं. शेजारणी म्हणाल्या, ‘‘अगं, मुलींचं शिक्षण सरकारनं फुकट केलंय की!’’ हे अर्धं खरं. जुलै २०२४ मधला तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आणि सरकारी प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. इंजिनीअरिंगला जाणाऱ्या मुलीच्या घराला हा मोठाच आधार आहे, अशा घरानं जरूर विचारावं. भाचीचा अभ्यासक्रम त्यात बसत नव्हता.

मेहुणे म्हणाले, ‘‘बेचाळीस भरू. भाऊ देईल, गावची थोडी रक्कम आहे.’’ मला त्यांचं कौतुक वाटलं आणि काळजीही. कारण गेली पंचवीस-तीस वर्षं मी मोहल्ल्यात एक गोष्ट पाहत आलोय. पहिल्या वर्षाची फी कुठलाही बाप भरतो. निकाल ताजा असतो, पेढे वाटलेले असतात, चुलते-मामे हात सैल सोडतात. दुसऱ्या वर्षाला तेच नातेवाईक म्हणतात, बघू. आणि तिसऱ्या वर्षाची फी भरायची वेळ येते तेव्हा घरात कुणीतरी आजारी असतं, रिक्षाचं इंजिन उतरवलेलं असतं, दुसरं मूल दहावीला असतं. कॉलेज सुटलेली जी मुलं मला आठवतात, त्यातली फार थोडी नापास होऊन सुटली. म्हणून मी भाचीला म्हटलं, आजची फी मला सांगू नकोस. तिन्ही वर्षांची बेरीज कर, त्यात येण्याजाण्याचं धर, लोकलला विद्यार्थ्यांना सवलतीचा पास मिळतो तसा मेट्रोचा हिशेब नाही हे धर, लॅपटॉप धर, आणि माहितीपुस्तकात ‘इंडस्ट्रियल व्हिजिट’ असा शब्द असेल तर तिचे पैसे किती ते आत्ताच विचारून ये, कारण ते एरवी ऑगस्टमध्ये कळतात. शिष्यवृत्ती मिळाली तर आनंदच, पण ती बेरजेत धरू नकोस. तिचे पैसे पुष्कळदा वर्ष सरता सरता येतात आणि फी मात्र यादी लागल्यावर दोन-तीन दिवसांत भरायची असते.

पोरगी माझ्याहून पुढे गेली. ती दोन्ही कॉलेजांच्या गेटवर प्रत्येकी एक दिवस जाऊन उभी राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना तिनं विचारलं, तास खरंच होतात का? लायब्ररीत बसू देतात का? वर्गात मराठीत प्रश्न विचारला तर चालतो का? हा शेवटचा प्रश्न मला सुचला नसता. घाटकोपरच्या बाजूच्या मुली चांगल्या वागल्या, पण सगळं इंग्रजीत, प्रेझेंटेशन गटानं करायची, गट बहुतेक राहायलाही एकाच भागात. अंधेरीला मात्र उत्तरपत्रिका मराठीत लिहिणाऱ्या मुली भेटल्या. तिथं तास सकाळी सात ते बारा. म्हणजे दुपारी आजीजवळ बसून, संध्याकाळी चाळीतल्या चार मुलांच्या शिकवण्या घेता येतात.

काचेच्या इमारतीवर मी टीका करत नाही. कॉलेजच्या नावाचा, तिथल्या ओळखींचा उपयोग होतो, काही क्षेत्रांत फारच होतो, आणि ज्या घराला तीन वर्षं ते पेलवतं त्या घरानं जरूर घ्यावं. पेलवत नसतानाही कर्ज काढून शिकलेली आणि यशस्वी झालेली मुलं मला ठाऊक आहेत. त्यांच्या गोष्टी वर्तमानपत्रात येतात. दुसऱ्या वर्षी गुपचूप घरी बसलेल्या मुलीची गोष्ट कुणी छापत नाही.

भाचीनं अंधेरीचं घ्यायचं ठरवलं. मेहुण्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बिनसलं ते बहिणीचं. ती दोन दिवस मुलीशी बोलली नाही. मला फोन करून म्हणाली, ‘‘भाई, तुम्ही तिला पुन्हा जवळच्यात बसवलंत.’’ तिचं म्हणणं मला कळत होतं. तिच्या लेखी जवळचं कॉलेज म्हणजे भीती. लेकीनं गाडी पकडावी, मेट्रोत बसावं, लांब जावं, यासाठी ती तीस वर्षं थांबली होती आणि त्यासाठी बांगड्या मोडायला तयार होती. मी काही बोललो नाही. मुलीनंच आईसमोर वही उघडून ठेवली. तिन्ही वर्षांची बेरीज, खाली शिकवण्यांचं उत्पन्न, त्याखाली एम.ए. करायचं झालं तर विद्यापीठाच्या कालिना संकुलात जाण्यासाठी शिल्लक टाकायची रक्कम. ‘‘अम्मी, लांब जायचंच आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण तुझ्या बांगड्या तेव्हा लागतील.’’

बहिणीनं वही पाहिली, दोन ठिकाणी बेरीज तपासली. एका ठिकाणी हातचा राहिला होता. तो तिनं पेन्सिलनं दुरुस्त केला. मग चहा टाकला.

भाचीचं पहिलं वर्ष पार पडलं. गुण बरे आहेत, शिकवणीची मुलं चाराची सात झालीत. या सगळ्यात आमच्या घरात मुक्त विद्यापीठाचं एक माहितीपत्रक आलं, नाशिकचं यशवंतराव चव्हाण विद्यापीठ, १९८९ पासूनचं. कुणी आणलं ते कुणी सांगत नाही. परवा बहिणीचा फोन आला.

‘‘भाई, बारावीची मार्कशीट हरवली असेल तर बोर्डाकडून दुसरी मिळते का?’’

‘‘मिळते,’’ मी म्हटलं. ‘‘मुंबई विभागाचं कार्यालय वाशीला आहे. कुणासाठी हवीय?’’

‘‘ते नंतर,’’ ती म्हणाली. ‘‘वाशीची गाडी कुठून पकडायची, ते आधी सांगा.’’