शाळा उघडली, पण हात कशाने धुवायचे?

(नौपाडा येथील मंडळीच्या सभेत केलेले भाषण, ऑक्टोबर 2021)



4 ऑक्टोबरला ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग उघडले. नियम आहेत: एका बाकावर एकच विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर, वारंवार साबणाने हात धुणे. इथे नौपाड्यात नळ सोडला की झालं. शहापूर-मुरबाडकडच्या कातकरी वाड्यांवर बरीच मुलं जमिनीवरच बसतात. अंतर खडूने आखून देऊ, पण पाणी? ते डोक्यावरून येतं, आणि बहुतेकदा मुलीच आणतात. मास्क आपण पुष्कळ वाटले. आता तोटीचं पिंप, साबण आणि पाणी भरणाऱ्या बाईची मजुरी द्या. लवकर द्या. दिवाळीनंतर ही कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतील. मुलं आजीकडे राहायची, तर तिच्या शिध्याचंही बघावं लागेल.