यंत्रांच्या खोडी

ल कॉर्बुझिये ह्यांनी चंडीगढची आखणी सेक्टरांत केली. त्या मूळ आराखड्यात बारानंतर एकदम चौदा येत असे. तेरा हा आकडाच वगळलेला होता. क्रमाने घर शोधीत निघालेल्या नवख्याला ही खोड कोणीतरी आधी सांगावी लागे. संगणकाच्या अंगोपांगांचेही असेच असते.

प्रत्येक भाग चालविण्यासाठी मुख्य प्रणालीत जो आज्ञासंच असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. चिपचे वर्तन निर्माता पुस्तिकेत लिहून देतो आणि त्या शब्दावर विसंबून ड्रायव्हर लिहिला जातो. पण चिप पुस्तिकेबरहुकूम वागतेच असे नाही. सिलिकॉनवर एकदा उमटलेली चूक पुसता येत नाही; जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण येथे अक्षरशः खरी. विकलेल्या चिपचे शुद्धिपत्र मग ड्रायव्हरलाच वाहावे लागते.

१९९० च्या दशकात सीएमडी ६४० ह्या चिपवर, चकतीच्या दोन मार्गांचे काम एकाच वेळी पडले, की माहितीची सरमिसळ होई. आरझेड १००० ही दुसरी चिप, माहिती आगाऊ वाचून ठेवण्याच्या घाईत ती बिघडवी. भय हे, की यंत्र बंद पडत नसे. कोणाचा हिशेब, कोणाचा प्रबंध मुकाट्याने नासे. लिनक्सच्या कर्त्यांनी पहिलीला दोन्ही मार्ग आळीपाळीने वापरावयास लावले, दुसरीचे आगाऊ वाचन बंद केले. वेग थोडा घटला, माहिती वाचली.

लिनक्समध्ये अशा खोडींची स्वतंत्र फाइलच आहे. प्रत्येक भाग आपल्या निर्मात्याचा व नगाचा क्रमांक सांगतो. (इंटेलने आपल्या गाजलेल्या चिपचा ८०८६ हाच आकडा स्वतःसाठी घेतला आहे!) प्रणाली सुरू होताना हे क्रमांक यादीशी ताडून पाहते आणि जुळल्यास नेमलेला उपाय लागू करते. शेजारी बहुधा कारण असते, क्वचित लिहिणाऱ्याचा वैतागही. हे कारणच मोलाचे. कारण न नोंदता केलेला अपवाद पुढच्या माणसाला निव्वळ अडाणीपणा वाटतो आणि तो बिनदिक्कत काढून टाकतो. सरकारी दप्तरातही हेच घडते.

चंडीगढला लागूनच मोहालीत सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी आहे. मद्रासच्या आयआयटीने रचलेल्या ‘शक्ती’ प्रोसेसरची चिप तेथे २०१८ मध्ये, १८० नॅनोमीटरच्या तंत्राने घडविण्यात आली. तिची आज्ञाभाषा रिस्क-फाइव्ह. बर्कली येथे २०१० मध्ये आरंभिलेली, सर्वांना खुली. भाषा एक, पण बोलणारे अनेक, आणि प्रत्येकाची लकब निराळी. म्हणून लिनक्स अशा चिपला आरंभीच निर्माता, रचना व आवृत्ती विचारते आणि जरूर तेथे स्वतःच्याच आज्ञा बदलून घेते. देशी चिपमध्ये खोड सापडेल, तेव्हा ती झाकण्याचा मोह मोठा असेल; परंतु न सांगितलेल्या खोडीवर उपाय कोण लिहिणार?

पेंटियमचा भागाकार चुकतो, हे थॉमस नाइसली ह्या गणिताच्या प्राध्यापकाने १९९४ मध्ये उघड केले. ज्यांना गरज पटवून देता येईल त्यांनाच चिप बदलून मिळेल, असे इंटेलने आधी म्हटले. डिसेंबरात सर्वांनाच ती देऊ केली आणि त्यापायी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. लिनक्स मात्र त्यानंतर यंत्र सुरू होताना प्रोसेसरला तो भागाकार घालून पाहू लागली, आणि त्याच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढली: भागाकाराचा दोष, आहे की नाही.